नऊ ओळींचा तक्ता

टप्प! दुपारच्या शांततेत मोबाइल हातातून निसटला तो थेट माझ्या नाकावर! शेजारी झोपलेली धम्मप्रिया चुळबुळली. मी श्वास रोखला. लेक पुन्हा झोपली, मी पुन्हा गोधडीत डोकं घातलं. खिडकी लावलेल्या खोलीत मोबाइलच्या उजेडानं ती उठू नये म्हणून दोन वर्षं मी असाच अभ्यास केला. गोधडीच्या आत, मोबाइल डोळ्यांपासून वीतभर!

आणि सांगते, पाठांतरात माझा हात धरणारं उदगिरात कुणी नाही. वनरक्षकाच्या भरतीत लेखी पास, धावणं पास. उरला होता फक्त डोळ्यांचा दाखला. चष्म्याशिवाय लांबचं दिसलं पाहिजे, एवढीच अट. आणि मला तर गल्लीच्या टोकाला म्हैस उभी आहे की शेजारची गौरम्मा, हेही कळेना झालं होतं!

"काय गं उज्वला," गौरम्मा एकदा म्हणाली, "मला म्हैस समजून हाकलायलीस का?"

"चष्मा लागला की नोकरी गेली," माझा नवरा सुगत म्हणाला.

"लागत न्हाई!" मी म्हणाले. "डोळे तपासायचा तक्ताच पाठ करते."

सासूबाईंचा मोतीबिंदू दाखवायला लातूरला गेलो, तेव्हा डॉक्टरांकडच्या तक्त्याचा फोटो हळूच काढून आणला. नऊ ओळी! आठ दिवस भाकरी थापताना तेच, धुणं धुताना तेच. "प, र, ग, म! त, न, ठ, व!" विसरलं की फोटो बघायचा, आणि तो कुठं? गोधडीतच. संध्याकाळी कपाळ असं ठणकायचं, जणू आत कुणीतरी खलबत्ता घेऊन बसलंय.

दाखल्याच्या दिवशी लातूरला त्याच डॉक्टरांकडे धम्मप्रियाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. खोलीत अंधार.

"हां ताई, समोर बघा," डॉक्टर शिवमूर्ती म्हणाले.

मी सुरूच! एका दमात नऊच्या नऊ ओळी!

मग खटका वाजला आणि समोरचा तक्ता उजळला.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "दिवा तर मी आत्ता लावलाय."

"आई," मांडीवरून लेक म्हणाली, "खालचं छापखान्याचं नाव राहिलं की!"

डॉक्टर पोट धरून हसले. मला मात्र रडूच फुटलं. दोन वर्षांच्या सगळ्या दुपारी डोळ्यांपुढून गेल्या.

डॉक्टरांनी मग नीट तपासलं, डोळ्यांत थेंब टाकले आणि पाऊण तास बाहेर डोळे मिटून बसवलं. आत बोलावून आकड्यांचा नवा तक्ता लावला, या वेळी दिव्यासकट! मी वाचत गेले. थेट शेवटच्या ओळीपर्यंत. चष्म्याशिवाय!

"नंबर खोटा हाय, तुमच्या पाठांतरावाणी," डॉक्टर म्हणाले. "जवळचं बघताना डोळ्याच्या आतला बारका स्नायू आवळतो, लांब बघितलं की सैल पडतो. तुमचा मूठ आवळून बसलाय, सोडायचंच विसरलाय. थेंबानं ढिला पडला, पण थेंब टाकून दाखला देता येत न्हाई. पंधरा दिवस मोबाइल बंद. लांब बघा, अन् दुपारी लेकीसंगं झोपा. मग या."

"वीस दिवसांनी शेवटची तारीख हाय, डॉक्टर!"

"मग लागा की झोपायला! अन् हां, उद्यापर्यंत जवळचं दिसायचं न्हाई बरं का."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला नोकरीसाठी झोपायला सांगत होतं!

डॉक्टरांनी उन्हासाठी दिलेला काळा चष्मा लावून स्टँडवर आले. पार पलीकडच्या गाडीची पाटी दिसली. किल्लारी! तिच्या पुढची, औसा! मी मोठ्यानं वाचत सुटले. लोक बाजूला सरकले.

उदगीरच्या गाडीत बसलो. मांडीवरच्या लेकीचं तोंड म्हणजे नुसता पुसट गोळा. खोबरेल तेलाच्या वासावरून ती माझीच, एवढं पक्कं. तिनं डॉक्टरांच्या चिठ्ठीमागं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि माझ्या नाकाला लावलं. आजवर तिनं आपल्या मनानं एक अक्षर काढलं नव्हतं.

"आई, वाच की. मी काय लिवलंय?"

मी कागद लांब धरला. आणखी लांब धरला. हात संपले. पुढच्या सीटवरच्या बाईंना जरा धरायला लावावा, असंही मनात येऊन गेलं.

"लई छान लिहिलंस गं."

"छान न्हाई. काय लिवलंय?"

हे काही मी पाठ केलेलं नव्हतं.

"आई, तिथं अंधारात सगळं वाचलीस की," धम्मप्रिया म्हणाली. "इथं तर ऊन हाय. मग का येईना?"