आबांनी पास केलेली भिंत

मे महिन्यात, भर दुपारी तीन वाजता, पश्चिमेच्या भिंतीला उघडी पाठ लावून झोपायचा पगार अख्ख्या जळगावात एकाच माणसाला मिळतो. ते म्हणजे आमच्या कंपनीचे सुपरवायझर भिकन आबा.

शेठनी पर्यावरणपूरक घरं बांधायचं मनावर घेतलं, तेव्हा मी इंजिनियर म्हणून तापमान मोजायची यंत्रं आणली. आबांनी ती कौतुकाने पाहिली आणि सदरा काढला. पंधरा मिनिटांत डोळा लागला तर भिंत पास. नाही लागला तर, "भाऊ, माले झोप उनी नही. भित नापास!" माझं यंत्रही दर वेळी तेच सांगायचं, याचा मला मनापासून राग यायचा.

एकदा घर बघायला आलेल्या जोडप्याला बेडरूममध्ये घोरणारे आबा सापडले. बाई किंचाळल्या. शेठ घाम पुसत म्हणाले, "घाबरू नका, तपासणी चालू आहे." त्या जोडप्याने तोच फ्लॅट घेतला.

मेहरूण भागातल्या कामावर मात्र आबा अडून बसले. नमुन्याचा फ्लॅट पास झाला होता, पण ते सही करीनात, आणि त्यांच्या सहीशिवाय काम पुढे सरकेना.

"मजुरांच्या खोल्या राह्यल्या ना."

त्या खोल्या म्हणजे चारी बाजूंनी पत्रा. शेठ भडकले. "त्या काय विकायच्या आहेत?"

"पत्राखाले बी माणसंच ऱ्हातस ना, शेठ? पंधरा मिनिटं बसा फक्त."

शेठ तावातावाने आत गेले आणि चार मिनिटांत निथळत बाहेर आले. "उरलेल्या विटा घ्या," एवढंच म्हणाले.

महिन्याभरात विटांच्या खोल्या उभ्या राहिल्या, छपराला पांढरा चुना लागला. तीन वाजता आबा एका खोलीत भिंतीला पाठ टेकून बसले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, तरी डोळे उघडेच.

"आबा, नापास?"

त्यांनी बोटानेच गप्प केलं. समोर एक मजूर बाई पाळण्याच्या दोरीला हात लावून बसल्या बसल्या झोपली होती.

"आम्हनी पोर अशीच साइटवर वाढनी," ते हळूच म्हणाले. "तुनी काकू दुपारभर पाळणावर वल्लं लुगडं धरीसन उभी ऱ्हाये. बठनी नही कधी."

काकू जाऊन पाच वर्षं झाली. आबांनी तिचं नाव काढलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मग भिंतीचं काय लिहू?"

आबांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि सही केली.

"पास शे, भाऊ. ती झोपनी ना."