खांदा : पाचापैकी दोन

एका जंगलात फिजिओथेरपीचा दवाखाना होता. दात काढू नका रे! जंगलातही खांदे दुखतात.

दवाखाना होता भालबा अस्वलाचा. तिथे एकदा हुप्पराव वानर आला. उंबरावरून पडून त्याचा उजवा खांदा दुखावला होता. त्यात उन्हाळा तोंडावर. पाणी आटलं की सगळा कळप दरी ओलांडून पलीकडच्या रानात जायचा. एक लांब उडी मारायची आणि पलीकडची फांदी घट्ट पकडायची. ज्याला जमणार नाही तो मागे राहणार, बायकापोरांशिवाय.

“हात वर धरा,” भालबा म्हणाला. “मी खाली दाबतो. तुम्ही दाबू द्यायचं नाही.”

त्याने दाबलं. हात धप्पकन खाली आला.

“पाचापैकी दोन! व्यायाम करा, आठवड्याने दाखवा. आणि येताना फी आणा, मधाचं एक पोळं.”

हुप्पराव बिचारा सज्जन. रोज वेली ओढायचा, दगड उचलायचा. दर आठवड्याला पोळं घेऊन हजर. भालबा आधी पोळं चाटूनपुसून खायचा, मग हात दाबायचा.

“दोनच!”

“डॉक्टरसाहेब, मला तर चांगलं बरं वाटतंय हो.”

“वाटायला काय जातंय? हे मोजमाप शास्त्रीय आहे.”

मध खाऊन खाऊन भालबा चांगला दुप्पट झाला होता. पण मुलांनो, अस्वलाला कोण मोजणार?

शेवटी पाणी आटलं. कळप दरीच्या काठावर जमला.

“अहो, चला ना!” हुप्परावाची बायको साळू म्हणाली.

“वेडी का गं तू? दोनचा खांदा माझा!”

“खड्ड्यात गेले ते दोन! परवा कड्याला एका हाताने लोंबकळून पोळं काढलंत, तो हात कुठला होता?”

“उजवाच. पण ते काही शास्त्रीय नव्हतं.”

साळूला रडू फुटलं. पिल्लाला पोटाशी धरून तिने उडी मारली. पलीकडून किती हाका मारल्या! हुप्पराव जागचा हलला नाही. मला तर बाई त्याचा अस्सा राग येतो!

कळप दिसेनासा झाला. मग हुप्पराव एकटाच कड्यावर गेला, उजव्या हाताने लोंबकळला, पोळं काढलं आणि दवाखान्याकडे निघाला. तपासणीचा दिवस होता ना त्याचा.

तात्पर्य : उपचार मधेच सोडू नयेत. नेमाने गेलं की खांद्यात बळ येतंच. कोणाच्या, ते विचारू नये.