कांबळे मॅडमचा रस्त्याशी उभा दावा

कांबळे मॅडम माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्यावर यंत्र रोखतात. टीव्हीच्या रिमोटएवढं, टोकाला काळ्या स्पंजचा गोळा असलेलं, आवाज मोजायचं यंत्र. पहिल्यांदा त्या माझ्या मेडिकलच्या काउंटरसमोर अशा उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, ताप मोजायला आल्या. मी कपाळ पुढं केलं.

"कपाळ नको," त्या म्हणाल्या. "तुमचा फ्रीज घरघर करून राहिलाय. इन्सुलिन त्यातच ठेवता ना? मेकॅनिक बोलवा."

फ्रीज खरंच जायला टेकला होता.

लातूरहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर, जिथं गाव संपतं असं एकेकाळी वाटायचं, तिथं माझं दुकान आहे आणि समोर मॅडमचं घर. आता गाव कुठं संपतं ते गावालाच माहीत नाही. मॅडमनी जन्मभर अहमदपूरला पदार्थविज्ञान शिकवलं आणि रिटायर झाल्यावर निवांत राहायला म्हणून इथं घर बांधलं. हे त्या स्वतःच सांगतात आणि 'निवांत' या शब्दाशी आल्या की दातओठ खातात.

त्या शिकवताना शुद्ध बोलत असतील, पण भांडताना अस्सल आपल्याकडच्या. आणि भांडण रोजचं. एकदा एका टमटमवाल्याला त्यांनी भर रस्त्यात हात करून थांबवलं. त्याला वाटलं, सवारी मिळाली.

"हॉर्न कशाला वाजवलास? समोर कोण होतं?"

"कोणीच न्हाई, मॅडम."

"मग?"

"आदत हाय."

"आदत? बिडीची आदत असली तर धूर आधी तुझ्या छातीत जातो. ह्या आदतीचा धूर माझ्या छातीत कशाला सोडायलास? डोळ्याला पापणी हाय. कानाला हाय का?"

कानाच्या पापणीचा हा सवाल त्यांनी आमदारापासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारलाय. टमटमवाला त्या दिवसापासून आमच्या समोरून जाताना हॉर्न सोडून तोंडानं "बाजूऽ बाजूऽ" ओरडतो. मॅडमनी तेही मोजलं आणि मान हलवून त्याला पास केलं.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. मंगल कार्यालयात सभा झाली. काम घेतलेल्या कंपनीचा एक साहेब जाडजूड अहवाल घेऊन आला आणि रस्ता दुपदरीचा चौपदरी झाल्यावरही आवाज मर्यादेतच राहील असं त्यानं वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम उठल्या.

"आत्ताचा आवाज मोजला कधी?"

"रविवारी दुपारी, मॅडम."

"कुठं?"

"इथंच. ह्या कार्यालयाच्या मागच्या बाजूला."

"भिंतीआड? म्हणजे ऊन मोजायला तुम्ही माठात थर्मामीटर बुडवला म्हणा की!"

लोक हसले. साहेबही हसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, गाड्या दुप्पट झाल्या तरी आकडा थोडाच वाढतो. ते शास्त्रच आहे."

इथं तो चुकला. शास्त्र हा शब्द त्यानं काढायला नको होता.

"हाव, थोडाच वाढतो! पोरांना हेच शिकवण्यात माझे केस पिकले. त्या मापाची पट्टीच तशी हाय, दुप्पट गाड्या तिच्यावर इवल्याशा दिसतात. पण आकडा ह्या रस्त्यावर राहत न्हाई, माणूस राहतो. आणि आजच्या गाड्या सोडा. ऊस निघाल्यावर काय होईल, ते तुमच्या अहवालात कुठल्या पानावर हाय? हंगामात पाय ठेवला का कधी इथं?"

साहेबानं चहाचा कप उचलला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. सभा संपली, रस्ता झाला.

रुंद रस्त्यावर गाड्या सुसाट सुटल्या. एका म्हाताऱ्याला मोटारसायकलची धडक बसली तेव्हा लोकांनी स्पीडब्रेकर मागितला. विरोध एकट्या मॅडमचा. "सिग्नल मागा, कॅमेरा मागा, पण ब्रेकर नको! उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या त्याच्यावरून उडतील आणि तुमच्या उशाशी आदळतील." लोक म्हणाले, या बाईला जिवापेक्षा कान प्यारा. ब्रेकर झाला, बरोबर मॅडमच्या आणि माझ्या दारासमोर. हंगाम सुरू झाला आणि पहिली रिकामी ट्रॉली आली. लोखंडी कपाट जिन्यावरून ढकलून द्यावं तसा आवाज. वर ट्रॅक्टरवर गाणं. माझ्या दुकानातल्या बाटल्या एकमेकींना टक्कर द्यायला लागल्या.

आता तेच लोक मॅडमच्या फाटकाशी आले. "मॅडम, मोजा की जरा." मॅडमनी मोजलं, तक्रार केली. उत्तर आलं, अहवालानुसार आवाज मर्यादेत आहे. म्हणजे कान खोटे, अहवाल खरा! मला विचाराल तर मॅडमचा संताप रास्तच आहे. दारात कुणी कचरा टाकला तर आपण डोकी फोडायला धावतो. घरात कुणी आवाज ओतला तर त्याला प्रगती म्हणतो.

एवढी आग पाखडणाऱ्या मॅडम घराविषयी मात्र कधी बोलत नसत. त्यांचे मिस्टर, दादाराव, शाळेत मास्तर होते. चौदा एप्रिलच्या सभेत माईक बंद पडला की लोक खूश व्हायचे म्हणे, कारण मग दादाराव मोकळ्या गळ्यानं बोलायचे. पण इथं राहायला येण्याआधीच लकवा मारला आणि ते अंथरुणाला खिळले. आमच्या गल्लीत कुणी त्यांचा आवाज ऐकलेला नव्हता. औषधं न्यायला मॅडम स्वतः यायच्या.

एके दिवशी पुढच्या ओढ्यावरचा नवाकोरा पूल खचला आणि सगळी वाहतूक बाहेरून वळवली. रस्ता एकदम मुका झाला. लिंबावरची चिमणी ऐकू यायला लागली. मला वाटलं, मॅडम यंत्र घेऊन नाचत बाहेर येतील. दुपार झाली तरी पत्ता नाही. औषधंही नेली नव्हती. मीच घेऊन गेलो.

दार उघडं होतं. मॅडम पलंगाला स्टूल लावून बसल्या होत्या. माझ्याकडं न बघताच हळू म्हणाल्या, "ऐका."

दादारावांचे ओठ हलले. सुतासारखा बारीक आवाज आला.

"जेवलीस का?"

"रोज दुपारी यांचे ओठ असेच हलायचे," मॅडम म्हणाल्या. "बाहेर गाड्या. मला वाटायचं, पाणी मागून राहिलेत. मी पाजायचे." मग त्यांची चादर सारखी करत म्हणाल्या, "हे प्यायचे. तहान नसताना."

"जेवलीस का?" दादाराव परत म्हणाले.

"न्हाई अजून. आता बसते." त्या आत जाऊन ताट घेऊन आल्या आणि त्यांना दिसेल अशा बेतानं समोर बसून भाकरी मोडली. मी औषधं ठेवली आणि चप्पल न वाजवता बाहेर आलो.

संध्याकाळी गल्लीतले लोक दुकानात आले. पूल तातडीनं सुरू करा म्हणून निवेदन द्यायचं होतं, सही पाहिजे म्हणाले. काउंटरवर पेनांचा डबा भरलेला होता. मी म्हणालो, "पेन सापडंना झालंय. उद्या या."