सगुणा साळिंदरणीचं सांडपाणी

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा सल्लागार जास्त झाले होते. पाणी मात्र एकाच झऱ्याचं. तेही उन्हाळ्यात करंगळीएवढं.

तिथे सगुणा नावाची साळिंदरीण राहायची. घरात ती, नवरा बयाजी आणि लहान लहान पिल्लं. सगुणा रोज एक हंडा पाणी आणायची. पिऊन उरलेल्या पाण्यात कंद धुवायची, त्याच पाण्यात भांडी विसळायची. ते पाणी मोरीतून थेट परसातल्या अळवात जायचं. अळू असं माजलेलं की पिल्लं पानाखाली लपंडाव खेळत. यात आपण काही थोर करतो आहोत, असं तिला कधी वाटलं नाही. तिची आईही असंच करायची.

एकदा वाघमहाराजांनी दवंडी पिटवली.

"पाणी जपा! घरातलं सांडपाणी पुन्हा वापरा! जो सगळ्यांत जास्त सांडपाणी वापरेल, त्याला जलरत्न किताब आणि झऱ्यावर पाणी भरायचा पहिला मान!"

सगुणाला आनंद झाला. झऱ्यावर गवे आणि रानडुकरं तिला मागे लोटत. तिची पाळी येईतो हंड्यात चिखल यायचा. गेल्या उन्हाळ्यात तिचं धाकटं पिल्लू पाण्यावाचून जायचंच राहिलं होतं.

"अहो, पहिला मान आपलाच," ती बयाजीला म्हणाली. "आपण काय आज वापरतोय का सांडपाणी?"

तपासणीला सांबरसाहेब आले. त्यांनी मोरीखाली मडकं धरलं. ते अर्धंच भरलं.

"बस्स? एवढंच?"

"साहेब, पाणीच बेतानं आणते. सांडणार कुठून?"

"म्हणजे तुमचा पुनर्वापर कमी आहे, बाई. जरा शेजारी बघा."

शेजारी अस्वलअप्पा. जन्मात अंगाला पाणी न लावलेला प्राणी. पण दवंडी झाल्यापासून उठता-बसता अंघोळ करत होते. अंघोळीचं पाणी हौदात साठवायचं आणि त्यानं अंगणातले दगड धुवायचे. दगड धुतले की अप्पा घामाघूम होत. मग पुन्हा अंघोळ.

"थेंब वाया घालवत नाही हो मी!" अप्पा म्हणाले.

"याला म्हणतात काटकसर!" सांबरसाहेबांचे डोळे भरून आले.

सगुणा घरात येऊन कंद धुवायला बसली. बयाजी हळूच म्हणाला, "आपणही आणू की जास्तीचं पाणी. मोरीत ओतायचं नुसतं. कोण बघतंय?"

"चांगलं पाणी मोरीत? जीभ झडेल तुमची!"

पण तिनं धाकट्याच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. पहिला मान मिळाला तर हे पोर पोटभर पाणी पिईल, असं तिच्या मनात आलं. सकाळी ती लवकर उठली. हंड्यावर हंडे आणले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली. मोरीत पाणी ओतताना ती तोंड फिरवायची. हळूहळू तेही थांबलं.

बघता बघता घराघरांत हौद झाले. जो तो सांडपाण्यासाठी पाणी सांडू लागला. सगुणाच्या परसात गुडघाभर पाणी साचलं आणि अळू मुळापासून कुजलं.

मग एके दिवशी झरा आटला.

समारंभ मात्र ठरल्याप्रमाणे झाला. जलरत्न अस्वलअप्पांना मिळालं. गळ्यात हार, डोक्यावर हंडा अशा थाटात ते कोरड्या झऱ्यापाशी सगळ्यांच्या पुढे उभे राहिले.

मागून सगुणानं विचारलं, "अप्पा, काही मिळालं का?"

"मिळाला ना," अप्पा कोरड्या घशानं म्हणाले. "मान."

सगुणानं हंडा तिथेच ठेवला. धाकट्याला पाठुंगळी घ्यावं तर पाठीवर काटे. म्हणून त्याला पोटाशी धरलं आणि बाकीच्यांना हाकत ती डोंगरापलीकडच्या नदीच्या वाटेला लागली. बयाजी मागून चालू लागला. वाटेत परत दवंडी ऐकू आली.

"आनंदाची बातमी! या महिन्यात जंगलात एक थेंबही सांडपाणी निघालं नाही! मोहीम पूर्ण यशस्वी! महाराजांचा विजय असो!"

ज्यांच्या घशात आवाज उरला होता, त्यांनी जयजयकार केला.

तात्पर्य : बाळांनो, पाणी वाचवायचं असेल तर आधी ते भरपूर सांडायला शिका. जे सांडतच नाहीत, त्यांनी वाचवलेलं मोजायचं तरी कसं?