खरातसाहेबांच्या खिशातलं झाकण

खरातसाहेबांच्या शर्टाच्या खिशात त्यांच्या मोटारीचा एक तुकडा असे. लोकांच्या खिशात पेन असतं, चष्म्याचं घर असतं, फार तर सुपारीची डबी असते. खरातसाहेबांच्या खिशात पेट्रोलच्या टाकीच्या तोंडावरचं पत्र्याचं झाकण असायचं, पांढऱ्या रुमालात नीट गुंडाळलेलं. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शर्ट डावीकडे ओघळलेला दिसे, आणि कंपनीत नव्यानं आलेल्या माणसाला वाटे की साहेबांच्या छातीचं काहीतरी ऑपरेशन झालंय.

मी वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो आणि सिडकोत त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं, ते दिवस मोठे विचित्र होते. औरंगाबादच्या चहूबाजूंनी नवे कारखाने उभे राहत होते, गावोगावची पोरं डबे घेऊन शिफ्टला येत होती, आणि त्याच वेळी विद्यापीठाच्या नामांतरावरून मोर्चे निघत होते, बंद पुकारले जात होते. बंद असला की कंपनीची बस यायची नाही. अशाच एका दिवशी खरातसाहेब कुंपणाशी येऊन मला म्हणाले, चला, आपली मोटार हाय की. ते आमच्याच कारखान्यात सुपरवायझर होते. त्या दिवसापासून मी त्यांच्या गाडीनं जाऊ लागलो.

ती गाडी म्हणजे एक प्रकरण होतं. तेव्हा आमच्याकडे मोटारी पांढऱ्या असत, नाहीतर सायीच्या रंगाच्या. ही होती खारकेच्या रंगाची, आणि त्या रंगात चमकी होती. सावलीत तपकिरी दिसे, उन्हात सोनेरी. रंग कारखान्यातून लावून आलेला, मुंबईच्या कुणा शौकीन माणसानं घेतलेला, आणि पुढे जुनी गाडी म्हणून खरातसाहेबांकडे आलेला. मात्र पुढच्या डाव्या दारावर तळहाताएवढं राखाडी ठिगळ होतं. दाराला पोचा आला होता, तो ठोकून सरळ केला, त्यावर अस्तराचा हात मारला, आणि काम तिथंच अडलं. तो रंग बनणंच बंद झालेलं. साधा रंग डोळ्यांनी जुळवता येतो हो, पण ही चमकी. बारीक पडली तर दार मळकट दिसतं, जाड पडली तर लग्नाच्या बँडवाल्यासारखं. पेंटर लोक नमुन्यासाठी टाकीवरचं झाकण मागतात, कारण ते सहज सुटतं. म्हणून खरातसाहेबांनी ते काढलं आणि पुढे खिशातच ठेवलं. गाडीवर त्या जागी त्यांनी तुपाच्या डब्याचं झाकण चिकटपट्टीनं बसवलं होतं.

रंग कुठं सापडेल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. भाजी घेताना ते झाकण वांग्यांशेजारी धरत. औरंगपुऱ्यातल्या बांगड्यांच्या दुकानात त्यांनी अख्खा खोका उपसायला लावला होता. पैठणला विणकराच्या मागावर वाकून त्यांनी जरीच्या काठाला झाकण लावलं, तेव्हा विणकर बिचारा समजला की साहेबांना मोटारीला पदर लावायचाय. सिल्लोडला एका लग्नात तर ते नवरीच्या मामीच्या शालूकडे इतका वेळ बघत राहिले की खरातवहिनींना उठून मामीला सगळी हकीकत सांगावी लागली. मामी भली बाई. ती शालूसकट मांडवाबाहेर आली.

बाहेर येणं भागच होतं, कारण खरातसाहेबांचा एक ठरलेला मंत्र होता, “सावलीत काय बघता, उन्हात आणा की.” तो ते कशालाही लावत. आंबे, चपला, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं उन्हात आणून बघायचं. पुतणीला बघायला मुलगा आला, तर पोहे संपायच्या आत यांनी त्याला अंगणात उभा केला. मुलगा डोळे बारीक करून उभा, मुलाचे वडील अवघडलेले, आणि खरातसाहेब त्याच्याभोवती फेरी मारतायत. लग्न जमलं ते जमलंच. तो जावई अजूनही त्यांच्या अंगणात पाऊल टाकताना बिचकतो.

मला मात्र त्यांच्या दुसऱ्याच एका गोष्टीचं कोडं होतं. ते मला मागच्या सीटवर बसवत. पुढची डावी सीट रिकामी, आणि मी मागे, कालचा पोरगा, पाय पसरून. पुढची सीट ढिली झालीय म्हणायचे. एकदा ते पेट्रोलपंपावर काहीतरी विचारायला उतरले तेव्हा मी हात लावून बघितली, ती माझ्या नोकरीपेक्षा घट्ट होती. पण गेटवरचा नवा वॉचमन मलाच मोठा साहेब समजून सलाम ठोके आणि खरातसाहेबांना ड्रायव्हर समजून गाडी बाजूला घ्यायला सांगे. ते मुकाट्यानं घेत.

शिवाय रोज सकाळी कॉलनीच्या कोपऱ्यावर, कंपनीची बस थांबते तिथं, आमची गाडी थांबायची. खरातसाहेब उतरत, एकेका चाकाला लाथ मारत, बॉनेट उघडून आत डोकावत. तिथं एक उंच, किडकिडीत गृहस्थ डबा घेऊन उभे असत. ते आमच्या स्टोअरमधले मुळे. दोघंही एकमेकांकडे बघत नसत, पण ते न बघणं इतकं ठरवून की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. बस यायची, मुळे चढायचे, आणि आमची गाडी लगेच दुरुस्त व्हायची.

शेवटी खरातवहिनींनी मला सगळं सांगितलं. खरात आणि मुळे एकाच दिवशी नोकरीला लागलेले. गाडी आणायला मुंबईला दोघं मिळून गेले होते. खरातसाहेबांना पांढरी हवी होती. हा खारकेचा रंग मुळेंनी पसंत केला, आणि पुढची डावी सीट त्यांची झाली. पुढे नामांतराचा वाद पेटला, तसा तो गाडीतही येऊन बसला. एका संध्याकाळी घरी परतताना मुळे म्हणाले, नावात काय ठेवलंय? खरातसाहेब म्हणाले, काही नाही ना, मग अडवता कशाला? मुळेंनी गाडी नीट थांबायच्या आत दार धाडकन उघडलं, ते विजेच्या खांबावर आदळलं. मुळे दाराकडे न बघता चालत घरी गेले आणि दुसऱ्या दिवसापासून बसनं जाऊ लागले.

पुढे नामांतराचा निर्णय झाला. खरातसाहेबांनी कॉलनीभर पेढे वाटले. एक पुडा तेवढा बाजूला राहिला आणि मुंग्या लागेपर्यंत फडताळातच होता. मी एकदा धीर करून म्हणालो, साहेब, द्या की मुळेंना, बोलवा त्यांना गाडीत. ते स्टिअरिंगवर बोटं फिरवत म्हणाले,

“बोलवीन हो. येईल बी तो. पण बसायला आला की त्याची नजर आधी त्या ठिगळावर जाणार. मग माझ्या गाडीत माझा दोस्त मान खाली घालून बसंल. ते मला चालायचं नाय. आधी दार नीट होऊ द्या.”

इतके दिवस मी त्या झाकणाला हसत होतो. त्या सकाळपासून मात्र ते हसणं बंद झालं.

अखेर मोंढा नाक्याजवळच्या अजीजभाईंनी रंग जमवला. झाकण समोर ठेवून, थेंब थेंब घालत, अंदाज घेत, बऱ्याच खटपटीनंतर. संध्याकाळी आम्ही गाडी आणायला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये अजीजभाईंनी दाराला झाकण टेकवलं, तर झाकण कुठं संपतं आणि दार कुठं सुरू होतं ते कळेना. “देखो साहब, एकइच जान,” ते म्हणाले. खरातसाहेबांना इतका आनंद झाला की आयुष्यात पहिल्यांदा ते उन्हासाठी थांबले नाहीत. वाटेत त्यांनी ताजा पेढ्यांचा पुडा घेतला.

सकाळी मी अंगणात गेलो तर ते गाडीशेजारी उभे होते. ऊन चांगलं वर आलं होतं. दार नव्या नवरीसारखं सोनेरी चमकत होतं, आणि बाकीची गाडी विटलेली, मातकट. त्यांनी झाकण टाकीवर मूळच्या जागी बसवलं होतं, तर तेही दारासारखंच चमकत होतं. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. झाकण इतकी वर्षं रुमालात, खिशात, सावलीत राहिलं होतं. गाडी मात्र रोज वाळूजच्या उन्हात उभी होती. अजीजभाईंनी रंग अगदी बरोबर जुळवला होता, फक्त तो झाकणाशी जुळवला होता.

“झाकण तरणं राहिलं,” खरातसाहेब म्हणाले, “गाडी म्हातारी झाली.” आणि गाडीत बसले. पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्याकडे मागे दिला, जणू आता त्याचं काही काम उरलं नव्हतं.

कोपऱ्यावर सवयीनं गाडी थांबली. खरातसाहेब उतरले, पण चाकाला लाथ मारायचं सोडून डाव्या दारापुढे जाऊन उभे राहिले, दार झाकून. पण चांगला रुंद माणूस झाला तरी मोटारीचं अख्खं दार कसं झाकणार? मुळेंनी बघितलं. डबा या हातातून त्या हातात घेतला आणि चालत आले. खरातसाहेब बाजूला झाले.

मुळे वाकून दार बघत राहिले. वरून खाली हात फिरवला, जिथं पोचा होता तिथं थांबले.

“रंग जमला नाय,” खरातसाहेब म्हणाले.

“जमलाय की. गाडी आणली तेव्हा असाच होता,” मुळे म्हणाले. “मीच तर पसंत केलता.”

 खरातसाहेबांनी खिशात हात घालून रुमाल काढला, तो रिकामाच होता, आणि त्यानं डोळे पुसले. मागे बस येऊन थांबली, हॉर्न वाजवला आणि निघून गेली.

मुळे पुढच्या सीटवर बसले. डबा मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं, इतक्या हळू, इतक्या जपून, की ते लागलंच नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा तसंच लावलं. पुन्हा लागलं नाही. मी मागे पेढ्यांचा पुडा धरून बसलो होतो.

खरातसाहेबांनी गाडी सुरू केली आणि समोर बघत म्हणाले, “जोरात लाव रे मुळे. लोखंडाचं हाय.”