तात्या आणि कुलपं लावलेली घरं

लग्नाच्या पंगतीत यजमान कौतुकाने म्हणाले, "आमरस सगळ्यांना आवडला बरं का!" शेजारच्या पानावरून तात्यांनी मान वर केली. "सगळे म्हणजे कोण? जेवले ते. न जेवता गेले, त्यांना विचारलंत?"

यजमानांचं तोंड आमसुलासारखं झालं. तात्यांना आमंत्रण सगळीकडून येतं, पण त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नसतं. मी बसतो. घरही शेजारीच, तेव्हा सवय आहे.

तात्यांची सगळी नोकरी पाऊस मोजण्यात गेली. "भांड्यात पडला तेवढाच आपण मोजतो," ते सांगतात. "पलीकडच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर किती पडला, ते त्या सड्यालाच माहीत." तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की त्यांना खाज सुटते. पेपरात 'जनता समाधानी' असं छापून आलं की चष्मा कपाळावर. "विचारलंनी कोणाला?"

आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि चहा-भज्यांचं हॉटेल चालवणारी मंदा उभी राहिली. नवरा गेल्यावर तिने एकटीने दोन मुली वाढवल्या. गावची पाण्याची लाइन आणीन, एवढंच तिचं म्हणणं. तिचा भाऊ सुहास एक दिवस नाचतच आला. "तात्या, सर्व्हे केला. दहातले आठ आपले!"

"कुठे केलास?"

"हॉटेलातच."

"अरे, मंदाच्या बाकावर बसून मंदाची भजी खाणारा दुसरं काय सांगणार? भजी अजून तोंडात आहेत त्याच्या!"

मग छत्री घेऊन तात्या स्वतः निघाले. वाडीवाडीतून, भर उन्हात, घरोघर. संध्याकाळी हॉटेलात येऊन त्यांनी मंदाला तोंडावर सांगितलं, "मंदे, तू पडत्येस."

मंदाच्या हातातला झारा थांबला. "तात्या, तुम्हीसुद्धा?"

"मी तुझ्याच बाजूचा. पण आकडा कुणाच्या बाजूचा नसतो."

पदराने डोळे टिपून ती पुन्हा तळायला लागली. मला तात्यांचा रागच आला. खरं असलं तरी एवढं रोखठोक बोलायला हवं होतं का? पण दुसऱ्या दिवसापासून मंदा हॉटेल बंद ठेवून दारोदार फिरू लागली.

मतदानाच्या दिवशी सकाळी मुंबईहून चाकरमान्यांच्या दोन बसगाड्या येऊन उभ्या राहिल्या. बायकांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. मंदा निवडून आली, तीही चांगल्या मतांनी.

गुलालात तात्या वाट काढत तिच्यापर्यंत गेले. "मंदे, चुकलो. कुलपं लावलेली घरं मी सोडून दिली. ती सगळी मुंबईला होती. आणि बायकांना विचारलं, ते नवरे समोर बसलेले असताना. त्या म्हणाल्या, घरातले सांगतील तसं. ते मी खरं धरलं."

"तुम्ही पडत्येस म्हणालात म्हणून तर फिरले," मंदा हसून म्हणाली आणि त्यांच्या पाया पडली. चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा मी त्यांच्या पडवीत बसलो होतो. विधानसभेचा कौल घेणारी एक बाई हातात टॅब घेऊन आली. तात्या खूश. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी विचारायला आलं होतं. पाणी झालं, गूळ झाला.

"घरात मतदार किती, काका?"

"दोन."

मी चमकून पाहिलं. तात्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. दोघांना मूलबाळ नाही.

"काकूंना बोलावता? त्यांचंही मत घेते."

"परसात आहे ती. कामात असेल." तात्यांनी धोतराचा सोगा नीट केला. "तिचं ठरलेलं असतं, पण सांगायची नाही कुणाला. मला सांगितलंन नाही कधी."

बाईने हसून काहीतरी नोंदवलं आणि पुढच्या घराकडे गेली. अंगणाच्या बेड्याचा, फाटकाचा आवाज थांबेपर्यंत तात्या तिकडेच पाहत होते.

"एक आकडा चुकीचा गेला," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

"एकानं काय बिघडतंय, तात्या?"

"बिघडतं रे. एकेकानंच बिघडतं." परसाच्या दाराकडे त्यांची नजर गेली. "पण एक म्हणवेना."