शब्दांची बारशी करणारे बापू

आमच्या शहाद्याच्या छापखान्यात ‘ओटीपी’चं बारसं झालं, तेव्हा मी स्वतः गूळ-फुटाणे खाल्ले आहेत.

नवा शब्द छपाईला आला की गुलाबबापू तो जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहितात, भिंतीला टाचतात आणि सगळ्यांना फुटाणे वाटतात. त्या दिवसापासून तो शब्द तसाच छापायचा. ‘वेबसाइट’ दोन पानांवर दोन तऱ्हांनी निघाली, तर प्रूफ उडत येऊन माझ्या टेबलावर पडतं.

“भाऊ, हाई पोरनं बारसं व्हयेल शे ना? मंग आज दुसरं नाव कसाले?”

बापू आमचे प्रूफवाचक. शिक्षण सातवी, वय सत्तरीपुढे, खिशात साधा बटणांचा फोन. मी ब्राह्मणपुरी गावचा, इथे अक्षरजुळणी करतो, आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. तरी सांगतो, लिहिणं मला बापूंच्या लाल पेनाने शिकवलं. छापखान्याच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या, मुलीच्या लग्नपत्रिकेत ‘क्यूआर कोड’ दोन तऱ्हांनी छापला गेला होता. बापू लग्नात जेवले, मुलीला आशीर्वाद दिला आणि निघताना शेठच्या हातात दुरुस्त केलेली पत्रिका ठेवली!

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बायांसाठी मोबाइल वापरायची पुस्तिका छपाईला आली. एकाच कृतीला कुठे ‘क्लिक करा’, कुठे ‘दाबा’, कुठे ‘टॅप करा’. बापूंनी दोनदा प्रूफ घरी नेलं, दोन्ही वेळा लाल करून आणलं. तिसऱ्यांदा पिशवीत घातलं, तेव्हा शेठ तापले.

“बापू, बाया काय परीक्षाले बसनार शेतस का? आज प्रूफवर तुमनी सही नहीं वनी, ते उद्यापासून घरीच बसा!”

संध्याकाळी सही आणायला बापूंच्या घरी मलाच पाठवलं.

ओट्यावर बापूंची बायको, काकू, बसल्या होत्या. प्रूफ त्यांच्या मांडीवर, मुलीने दिलेला मोठ्या पडद्याचा फोन शेजारी. बोट एकेका शब्दावरून सरकत होतं. समोर बापू हातात पेन धरून, श्वास रोखून.

“प्रूफ काकू वाचतात?” मी थक्क झालो.

“हळू बोल. ती अडकनी का मी खूण करस.” मग त्यांचा आवाज खाली गेला. “मांगला साल पोर सुरतले बाळंत व्हयनी. नातू दखाडाले तिनी फोन करा. मी छापखानामा. फोन कसा उचलाना, ते चिठ्ठीवर मी लिखेल व्हतं ‘स्वीकारा’, फोनवर दुसराच शब्द. हाईनी भ्याईसन हातच लावा नहीं. तीनदा वाजी वाजी बंद व्हयना. चिठ्ठी लिखनारा मी, भाऊ.”

भिंतभर शब्द टाचणारा हा माणूस एका वाचणारणीसाठी एवढा झगडत होता! माझा फोन वाजला. शेठचा होता. मी तो बंद करून ठेवला.

काकूंचं बोट शेवटच्या ओळीपर्यंत न अडता गेलं.

“व्हयनं. करा सही.”

बापूंनी सही केली. काकूंनी लगेच ‘व्हिडिओ कॉल’चं पान उघडलं, त्यावर एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने, कुणाला न विचारता, सुरतला फोन लावला. बापू मागे सरकले, दाराच्या आडोशाला, जिथून पडद्यावर दिसणार नाहीत असे.

“तठे काय उभा ऱ्हायनात?” काकू हसत ओरडल्या. “अठे या. नातू तुमलेच हाका मारी ऱ्हायना!”